आयर्विनला किती?

"पूर येणार म्हटल्यावर सगळ्यात आधी काय उचलता हो?" आम्ही सांगलीत नदीकडच्या भागात राहतो हे कळलं की बाहेरगावच्या पाहुण्यांचा हा प्रश्न ठरलेला. सोनं, टीव्ही, फ्रिज असलं काहीतरी ऐकायची त्यांची तयारी असते. आता तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते: सासूबाईंना.

थट्टा नाही. फ्रिज कधी "उद्या बघू गं" म्हणत नाही. सासूबाई म्हणतात. आणि चिपळूणसारखं आमच्याकडे होत नाही; तिथं २२ जुलै २०२१ ला काही तासांत बाजारपेठ बुडाली. कृष्णा सवड देते. कोयनेतून सोडलेलं पाणी इथवर यायला बराच वेळ लागतो, मग इंचाइंचानं चढतं. त्या सवडीनंच घात होतो. माणूस चहा करतो, गच्चीवरून पाणी बघून येतो, परत चहा करतो.

पावसाळ्यात सांगलीत दोन माणसं भेटली की पहिला प्रश्न, "आयर्विनला किती?" १९२९ सालचा हा पूल म्हणजे आमची मोजपट्टी. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. पण हे झाले गावाचे आकडे. घराचा आकडा ज्याचा त्यानं काढायचा. आमच्या पायरीला ४७ ला पाणी लागतं. गल्ली त्याआधीच बंद होते, कारण पाणी नदीच्या बाजूनं येतच नाही, मागच्या गटारीतून उलटं येतं. म्हणून आम्ही ४२ ला निघतो. उजेड असताना, रिक्षा मिळत असताना. त्यावर चर्चा नाही.

ही अक्कल आम्हाला महागात पडली. २००५ च्या पुरानंतर सासऱ्यांनी पुढच्या खोलीत भिंतीवर निळ्या ऑइलपेंटनं पाण्याची रेघ मारून ठेवली होती. आल्यागेल्याला कौतुकानं दाखवायचे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आम्ही सगळं सामान त्या रेघेच्या हातभर वर चढवलं. टेबलावर दिवाण, दिवाणावर ट्रंका, ट्रंकांवर गाद्या. "आता याच्या वर कुठं येतंय!" म्हणत निवांत बसलो. २००५ ला पाणी ५३ फुटांच्या आसपास थांबलं होतं. २०१९ ला ते ५७ च्याही वर गेलं. आमची रेघच बुडाली. आम्ही बाहेर पडलो ते नावेतून, सासूबाईंना दोघांनी उचलून. त्याच आठवड्यात, ८ ऑगस्टला, ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढणारी नाव उलटली आणि कितीतरी जीव गेले. ती बातमी कळल्यावर आपण कशात बसून आलो ते लक्षात आलं.

परतलो तेव्हा फ्रिज स्वयंपाकघरात उताणा पडलेला आणि रिकामं सिलिंडर तरंगत थेट मोरीत गेलेलं. लाकडी कपाट इतकं फुगलं होतं की पहारीनं फोडावं लागलं. आत लग्नाचा अल्बम. एकेक पान सोडवताना माणसांचे चेहरे समोरच्या पानाला चिकटून निघून जात होते. त्यापुढे दिवाणाचं दुःख काहीच नाही.

आता मेन स्विच बंद करतो, सिलिंडर रेग्युलेटर काढून खिडकीच्या गजाला साखळीनं बांधतो आणि निघतो. घराची, रेशनची, शाळेची मूळ कागदपत्रं मिरजेला वन्संच्या कपाटात कायमचीच. पिशवीत पंधरा दिवसांच्या बीपीच्या गोळ्या, डॉक्टरांची चिठ्ठी, जुना चष्मा, बॅटरी, पॉवर बँक आणि सुटे पैसे. वीज गेली की एटीएमही गेलं. शिवाय भरलेले पाण्याचे कॅन. दाराशी पाणी आणि नळ कोरडा, हे पुरात हमखास. परतल्यावर मात्र आधी फोटो काढायचे, मग खराटा. पंचनाम्याला आलेल्या माणसाला धुतलेलं घर दाखवून काय सांगणार? आणि गाळ ओला आहे तोवरच ओढायचा, वाळला की फावडंसुद्धा ऐकत नाही.

२०१९ ची रेघ आम्ही मारली नाही. सासऱ्यांच्या निळ्या रेघेवरूनही चुना फिरवला.

दर जूनच्या पहिल्या रविवारी मी पिशवीतल्या गोळ्यांच्या तारखा बघते. यंदा पिशवी उघडली तर तळाशी पत्त्यांचा कॅट. मी सासूबाईंकडे पाहिलं.

"बघतेस काय? मिरजेला गेलं की ती टीव्ही लावून बसते," त्या म्हणाल्या. "मी काय करू दिवसभर?"