लिनफील्डची थिओडोरा आणि आमचे मटार

रविवार, रात्री साडेअकरा

कपाट आवरायचं राहिलंच. दुपारी आई मटार सोलायला बसली आणि मी शेजारी लॅपटॉप उघडून 'थिओडोरा गोज वाइल्ड' हा हॉलिवूडचा सिनेमा लावला, १९३६ चा, ब्लॅक अँड व्हाइट. म्हणलं दहा मिनिटांत कंटाळून उठेल, पण कसलं काय, मटार संपले तरी बाई हलेना.

कनेक्टिकटमधलं लिनफील्ड नावाचं छोटं गाव. दोन बिनलग्नाच्या आत्यांनी वाढवलेली थिओडोरा चर्चमध्ये ऑर्गन वाजवते, पोरांना रविवारी बायबल शिकवते, एकदम गरीब गाय, आणि हीच बया कॅरोलाइन ॲडम्स या नावाने चावट कादंबरी लिहून बसलीय जी धो धो खपतेय! गावातला पेपर ती क्रमशः छापायला घेतो तर बायकांचं साहित्य मंडळ चवताळतं, आणि थिओडोरा त्यांच्यातच बसलेली. थिओडोरा झालेल्या आयरीन डनचा तो साळसूद चेहरा काय सांगू. तिला म्हणे कॉमेडी करायचीच नव्हती, टाळायला युरोपला निघून गेली होती, शेवटी केली तर थेट ऑस्करचं नॉमिनेशन.

इथे आई म्हणाली, "अगं, हे आपल्या विभावरी शिरूरकरांसारखंच की." माझी ट्यूब उशिरा पेटली. 'कळ्यांचे निःश्वास' १९३३ चं, म्हणजे या सिनेमाच्या तीनच वर्षं आधीचं. शिकलेल्या, लग्न न झालेल्या मुलींच्या मनातलं लिहिलं म्हणून केवढा गदारोळ, आणि ही विभावरी नक्की कोण याचा शोध, ती निघाली बाळूताई खरे, म्हणजे नंतरच्या मालतीबाई बेडेकर. फक्त आपल्याकडे ती कॉमेडी नव्हती, चिडलेली माणसं खरी होती.

असो. हिरो मायकेल, मेल्विन डग्लस, त्या पुस्तकाचं कव्हर काढणारा चित्रकार. हिचं गुपित कळल्यावर न्यूयॉर्कहून मागोमाग गावात येतो, आत्यांकडे माळी म्हणून राहतो, कुत्रा बरोबर, दिवसभर शिट्ट्या, वर हिलाच उपदेश की मोकळी हो, गावाला कशाला घाबरतेस. माझ्या तर डोक्यातच गेला, आज असा कोणी अंगणात येऊन राहिला तर पोलिसात जाऊ आपण. पण खरी मजा पुढेच आहे. ती धीर करून गावाला तोंडावर सुनावते आणि हे महाशय पळ काढतात! का, तर घरी नावापुरती का होईना बायको आहे आणि वडील लेफ्टनंट गव्हर्नर, त्यांची टर्म संपेपर्यंत घटस्फोटाचं नाव काढायचं नाही. घ्या! मग ही त्याच्या न्यूयॉर्कच्या फ्लॅटमध्येच मुक्काम ठोकते, फर काय, पिसं काय, पेपरात फोटो काय, आणि त्याचाच उपदेश त्याला ऐकवते. हा दुसरा अर्धा मी परत बघणारे.

शेवटी ती गावच्या स्टेशनवर उतरते तीच कडेवर बाळ घेऊन. सगळ्यांचे चेहरे बघण्यासारखे, मायकेलचा तर जास्तच. आणि बाळ निघतं कोणाचं, तर गावभर चुगल्या करत फिरणाऱ्या रिबेका बाईंच्या मुलीचं, जिने गुपचूप लग्न केलेलं! आई एवढी हसली की ताटच कलंडलं, मग आम्ही दोघी सोफ्याखाली मटार शोधत बसलो.

शोधता शोधताच तिने विचारलं, "तू गं रोज रात्री काय टाइप करत असतेस एवढं?"

मी म्हणलं, ऑफिसचं.