शाळेची बस दारात असताना बटण शिकवू नका

इंग्लंडमधल्या शाळांत चार-पाच वर्षांच्या मुलांना कोट चढवणं, बूट बदलणं हे वर्गशिक्षिकाच शिकवते. ऑटिस्टिक मुलाला ईएचसी प्लॅन, म्हणजे शिक्षण, आरोग्य आणि देखभालीच्या मदतीचा सरकारी आराखडा, मिळाला (2014 च्या कायद्याने आलेली तरतूद, वयाच्या 25 वर्षांपर्यंत चालू राहू शकते), तर कपडे घालणं, जेवणं, टॉयलेटला जाणं हेही त्यात उद्दिष्ट म्हणून लिहिता येतं. ठाण्यात, नवी मुंबईत हे काम घरावर पडतं, आणि घरात बहुतेकदा आजीवर. म्हणून इथे इंग्लंडमध्ये ओटीत (ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे रोजची कामं स्वतःची स्वतः करायला शिकवणारी थेरपी) आम्ही रोज वापरतो त्या युक्त्या सांगतोय, पण आपल्या बादली-मगाच्या आणि पोळी-भाजीच्या हिशेबाने.

आधी "येतं त्याला सगळं, नाटकं करतो" हे डोक्यातून काढा. बऱ्याच ऑटिस्टिक मुलांच्या हातात ताकद असते. कोणता हात आधी, किती जोर लावायचा, मग पुढे काय, ही जुळणी होत नाही. काहींचे सांधे सैल असतात, त्यामुळे बोटं लवकर दमतात. काल जमलेलं आज जमत नाही, ते यामुळेच. ऑटिझम आणि डीसीडी, म्हणजे हालचालींच्या समन्वयाची अडचण, ही दोन्ही निदानं एकाच मुलाला देण्याची मुभा डीएसएमच्या (मानसिक आणि विकासाच्या निदानांसाठी डॉक्टर वापरतात त्या अमेरिकी ग्रंथाच्या) 2013 च्या आवृत्तीत मिळाली. आधीच्या आवृत्तीत ती नव्हती.

आता बटण. शिकवायचं संध्याकाळी, घाई नसताना. सकाळी सरळ तुम्ही लावून द्या, त्यात काही बिघडत नाही. कॉलरचं बटण मुलाला दिसतच नाही, म्हणून सुरुवात पोटाजवळच्या बटणापासून. दोनेक सेंटिमीटरचं, जाडसर बटण शिवून घ्या. नव्या गणवेशाची काजं घट्ट असतात, ती शिंप्याकडून जरा मोठी करून घ्या. मुलाच्या मागे बसा, म्हणजे तुमचे हात त्याच्या हातांच्याच दिशेने चालतील. बटण काजातून अर्धं बाहेर काढून द्या. शेवटचं ओढणं तेवढं त्याचं. ते सहज जमायला लागलं की एक पायरी मागे या: आता बटण काजात ढकलणंही त्याचं. शेवटाकडून शिकवल्याने प्रत्येक वेळी काम त्याच्याच हातून पुरं होतं. मदत कमी करतानाही क्रम ठेवा: आधी त्याच्या हातावर तुमचा हात, मग मनगटाला, मग नुसता कोपराला स्पर्श. तोंडाने "लाव, लाव, खालचं लाव" शक्यतो नको, कारण बोलून दिलेल्या सूचनेची सवय सुटता सुटत नाही. बाजारात मिळणाऱ्या बटणांच्या पाटीवर फार वेळ घालवू नका. पाटीवरचं बटण समोर असतं आणि अंगावरचं खाली बघून लावायचं असतं. पाटीवर आलं म्हणून शर्टावर येईलच असं नाही.

पावसाळ्यात मूल गणवेश घालायला अडून बसलं तर आधी कपडा हाताने चाचपून पाहा. घरात वाळत घातलेला दमट, कडक कपडा अनेक मुलांना अंगाला सहन होत नाही. इस्त्री फिरवा, मग ठरवा अडचण हाताची आहे की कातडीची. रेनकोटच्या टिचबटणांना बोटांत जोर लागतो. तिथे वेलक्रो शिवून टाका.

इंग्लंडमधल्या शॉवरपेक्षा आपली बादलीची अंघोळ कठीण, हे फारसं कोणाच्या लक्षात येत नाही. वाका, मग बुडवा, उचला, डोळे मिटा, डोक्यावर ओता. त्यात एक लिटरचा मग भरला की किलोभर वजन, आणि मगाचा कान साबणाने निसरडा. डोळे मिटले की हात कुठे आहे हे नुसतं अंगाला कळावं लागतं, आणि तिथेच घोडं अडतं. अर्ध्या लिटरचा मग घ्या. बादली पाटावर ठेवा, मुलाला पाय जमिनीला टेकतील अशा स्टुलावर बसवा. पाणी ओतायचं आधी गुडघ्यांवर, मग खांद्यावर; डोकं सगळ्यात शेवटी, आणि काही महिने ते तुमच्याकडेच राहिलं तरी चालेल. गरम पाण्याचं विसावण मोठ्यांनीच करायचं, कारण काही मुलांना चटका उशिरा कळतो.

पोळी एका हाताने तोडणं हे बोटांचं अवघड काम आहे: दोन-तीन बोटांनी दाबून धरायची आणि अंगठा-तर्जनीने तोडायची. दोन हातांनी तोडू द्या, संस्कार नंतर. ताटाखाली ओलं फडकं ठेवलं की ताट सरकत नाही. उभ्या काठाचं ताट असेल तर भाताचा घास काठाला टेकवून उचलता येतो.

शी धुण्यासाठी अंग वळवून हात मागे न्यावा लागतो. त्याचा सराव कोरडाच करा: चड्डीच्या मागच्या इलास्टिकला कपड्याचा चिमटा लावा आणि न बघता काढायला सांगा. जेट स्प्रेचा आवाज आणि जोर झेपत नसेल तर लहान तांब्या. कमोडवर पायाखाली स्टूल हवंच. पाय लोंबकळत असले की पोटाला जोर येत नाही.

ब्रशचं डोकं लहान, पेस्ट तीन वर्षांवरच्या मुलाला वाटाण्याएवढी. नखं अंघोळीनंतर, मऊ असताना.

एका वेळी एकच काम शिकवायला घ्या, आणि घरात सगळ्यांनी ते एकाच पद्धतीने करा.

आलेलं कौशल्य अचानक गेलं, एकाच बाजूचा हात वापरात राहिला किंवा पडणं वाढलं, तर ओटीची वाट न पाहता बालरोगतज्ज्ञांना दाखवा. एरवी वाशीला नवी मुंबई महापालिकेचं अपंग मुलांसाठीचं ईटीसी केंद्र आहे, तिथे चौकशी करा. कुठल्याही थेरपिस्टकडे जाताना घरच्या बाथरूममधला आणि जेवतानाचा दोन-दोन मिनिटांचा व्हिडिओ न्या (बाथरूममधला कपडे घातलेले असताना, कोरडा मग घेऊन काढलेला). क्लिनिकच्या गादीवर मूल काय करतं आणि चार बाय सहाच्या ओल्या बाथरूममध्ये काय करतं, यात बराच फरक असतो.