आमची वाटचाल : आधी मोजणी, मग सोल्डर

गिटारची इफेक्ट पेडलं (गिटारचा आवाज बदलणाऱ्या, पायाने चालू-बंद करायच्या पेट्या) दुरुस्त करणं हे आमच्या छोट्या फर्मचं काम. सगळ्यात जास्त येणारी तक्रार एकच : पाय दिला की पेडल कधी लागतं, कधी लागत नाही. सुरुवातीला आम्ही जुना फूटस्विच काढून सरळ नवा बसवत असू. त्यातली काही पेडलं तीच तक्रार घेऊन परत येत आणि काढून ठेवलेला स्विच मीटरवर ठणठणीत निघे. तेव्हापासून मोजल्याशिवाय स्विचला हात लावायचा नाही, असा नियम केला.

पहिली तपासणी पेडल न उघडता होते. ट्रू बायपास पेडल असेल तर बॅटरी आणि अडॅप्टर दोन्ही काढा, केबल तशाच ठेवा. बायपासमध्ये, म्हणजे इफेक्ट बंद असताना, सिग्नल इनपुट जॅककडून स्विचमधून थेट आउटपुट जॅकला जातो, त्याला वीज लागत नाही. त्यामुळे स्विच दाबत गेलं की एकाआड एक दाबाला स्वच्छ आवाज यायलाच हवा. वीस वेळा दाबून बघा. एखाद्या वेळी आवाज आला नाही किंवा खरखर झाली, तर दोष स्विच, जॅक, वायर किंवा केबल यांपैकी कशात तरी आहे. अडॅप्टरवरचा संशय तिथेच संपतो. मग प्लग बोटाने हलवा. आवाज तुटला तर आधी जॅकची पत्ती बघा, ती सैल पडलेली असते. ज्या पेडलमध्ये बफर (सिग्नलला बळ देणारं, विजेवर चालणारं छोटं सर्किट) असतो, त्यात विजेशिवाय आवाज येतच नाही, त्यामुळे तिथे ही युक्ती चालत नाही.

आता झाकण उघडा. नऊ पायांच्या (पाय म्हणजे वायरी जोडायच्या धातूच्या पत्त्या) थ्री-पीडीटी स्विचमध्ये तीन स्वतंत्र पोल, म्हणजे एकाच दाबाला हलणारे तीन वेगळे स्विच, असतात आणि प्रत्येक पोलचा मधला पाय सामाईक असतो. एका दाबाला तो एका टोकाला जोडला जातो, पुढच्या दाबाला दुसऱ्या. सहसा दोन पोल सिग्नलचे आणि तिसरा एलईडीचा. म्हणूनच एलईडी लागतो पण आवाज बदलत नाही, हे पूर्ण शक्य आहे. एलईडी लागला म्हणजे स्विच चांगला, असं धरून चालू नका. पुरवठा आणि केबल काढून मीटर ओहमवर लावा, आधी दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवून त्यांचा स्वतःचा आकडा बघून ठेवा. जोडलेल्या पायांमध्ये त्याहून फार तर अर्धा ओहम जास्त यावा. दांडा बाजूला हलवल्यावर आकडा उड्या मारत असेल, तर स्विच गेला. नुसत्या बीपवर विसंबू नका, वीस-तीस ओहमलाही बरेच मीटर बीप देतात.

स्विच आतून बिघडतो तो बहुतेकदा उष्णतेने. मेलेला स्विच उघडला तर प्रत्येक पोलखाली सी-सॉसारखी डुलणारी एक छोटी धातूची पट्टी दिसते, तिच्यावर स्प्रिंगचा दाब असतो. सोल्डर करताना पाय फार तापला की त्याला धरून ठेवणारं प्लास्टिक मऊ होतं, पाय केसभर कलतो आणि पट्टी नीट टेकत नाही. वितळलेला फ्लक्स (सोल्डर नीट चिकटावं म्हणून वापरायचा राळेसारखा पदार्थ) पायावरून आत उतरला तर संपर्कावर त्याचा थर बसतो. म्हणून नवा स्विच बसवताना सोल्डरिंग आयर्नचं टोक ३५० अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवा, पाय आणि वायर दोन्हींवर आधी कथील चढवून घ्या, एका पायावर दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबू नका. ओळीने शेजारचा पाय घेऊ नका, लांबचा घ्या, तेवढ्यात पहिला निवतो. जुना स्विच काढण्याआधी फोटो काढा आणि नव्याचे पोल मीटरने ओळखा. चौकोनी बॉडी ९० अंशांत फिरवूनही भोकात बसते आणि जोडणी पूर्ण चुकते.

कॉन्टॅक्ट क्लीनर मारून चार दिवस बरं वाटतं. पट्टीवरचं ग्रीस मात्र धुऊन जातं, म्हणून आम्ही तो वापरत नाही.

नट घट्ट करताना आतून बॉडी पकडून ठेवा. ती फिरली की वायरी पिळतात आणि सोल्डरपाशीच तुटतात. वरून इन्सुलेशन शाबूत दिसतं, तार आत तुटलेली असते. प्रत्येक वायर चिमट्याने हलकेच ओढून बघावी.

पायपट्टीखाली छोटा टॅक्ट स्विच असलेल्या पेडलांचं निदान सोपं आहे. तो फक्त क्षणभर संपर्क देतो, चालू-बंद पुढचं फ्लिप-फ्लॉप सर्किट (दर दाबाला स्थिती पालटून ती धरून ठेवणारं) करतं. पेडल चालू ठेवून त्याचे दोन संपर्क चिमट्याने टेकवा. दर टेकण्याला पेडल बदललं तर सर्किट ठीक, टॅक्ट स्विच बदला. चार पायांच्या टॅक्टमध्ये दोन-दोन पाय आतून जोडलेलेच असतात, त्यामुळे चिमटा तिरप्या समोरासमोरच्या पायांवर टेकवा. नवा घेताना दांड्याची उंची जुन्याइतकीच हवी. कमी पडली तर पट्टी पोचत नाही, जास्त झाली तर तो कायम दाबलेला राहतो.

काम झाल्यावर झाकण लावून पन्नास दाब देतो, हाताने नाही, बूट घालून उभ्याने. पायाचा दाब तिरका पडतो आणि राहिलेला सैल सोल्डर तिथेच सापडतो.