उभ्या रेघांचा छडा लागला, आणि दोष व्हिडिओचा नव्हताच

मंडळी, रेघा गेल्या. मागच्या नोंदीत जुन्या कॅसेटवाल्या टीव्ही गेमचा एव्ही मॉड (अँटेनाच्या वायरीऐवजी थेट पिवळ्या वायरीने चित्र टीव्हीला देण्याचा बदल) झाल्याचं लिहिताना शेवटी 'उभ्या रेघा दिसतायत, जेलबार असणार, रविवारी बघू' असं सहज लिहून टाकलं होतं. त्या रविवारला तीन आठवडे झाले आणि जेलबारचा (म्हणजे व्हिडिओ सिग्नलमध्ये मिसळणाऱ्या उभ्या रेघांचा) त्यात काडीचाही संबंध निघाला नाही.

बोर्ड तोच, ६० पिनी टीव्ही गेम, म्हणजे निन्टेंडोच्या फॅमिकॉमची नक्कल. आत काळा ठिपका (सगळं एकातच कोंबलेली चिप) नाही, सुट्या चिपा आहेत: सीपीयू यूए६५२७पी, आणि चित्र काढणारी पीपीयू यूए६५३८. आरएफचा (अँटेनाच्या वायरीने चित्र देणारा) पत्र्याचा डबा काढला, पीपीयूची २१ नंबरची पिन उचलून २एन३९०६ ट्रान्झिस्टरच्या बेसला दिली. कलेक्टर ग्राउंडला, एमिटर ३०० ओममधून ५ व्होल्टला, आणि एमिटरवरूनच ११० ओम आणि २२० मायक्रोफॅरडमधून पिवळ्या आरसीए सॉकेटला. कपॅसिटरचं धन टोक एमिटरच्या बाजूला. २एन३९०६ ऐवजी बीसी५५७ लावणार असाल तर तो उलटा फिरवून लावा. दोघांचा बेस मधोमध आहे, पण एमिटर आणि कलेक्टर अदलाबदल झालेले असतात.

चित्र स्वच्छ आलं, फक्त आठ-आठ पिक्सेलवर एक बारीक उभी रेघ. जेलबार म्हणून जे जे करतात ते सगळं करून झालं. पीपीयूच्या ४० आणि २० नंबरच्या पायांमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक, चिपच्या पोटाशी. ७८०५ च्या (५ व्होल्ट देणाऱ्या रेग्युलेटरच्या) आधी १०००, नंतर १०० मायक्रोफॅरड. २१ नंबरपासूनची वायर शिल्डवाली, शिल्ड एकाच टोकाला ग्राउंड. अ‍ॅडॅप्टर एसएमपीएस काढून जुना ट्रान्सफॉर्मरवाला. (अ‍ॅडॅप्टर बदलताना पिनच्या मधलं टोक धन की ऋण ते मीटरने बघाच. या डब्यांमध्ये दोन्ही प्रकार सापडतात आणि ७८०५ ला उलटा प्रवाह सोसत नाही.) लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानातून आणलेल्या २२० च्या दहा कपॅसिटरपैकी चार मीटरवर १५० च्या आतबाहेर भरले, तेही बदलले. रेघा ढिम्म.

खरं तर चूक तपासण्याच्या पद्धतीत होती. दर वेळी '९९९९ इन १' ची कॅसेट लावायची, मेनू आला की रेघा बघायच्या आणि बंद करायचं. मेनू हलत नाही. परवा मारिओ तसाच चालू राहिला आणि पहिल्याच लेव्हलला उजवीकडे पळवताना दिसलं की आकाशातल्या रेघा चित्राबरोबर मागे सरकतायत! वरची पट्टी, म्हणजे स्कोअर आणि नाणी दाखवणारी, स्क्रोल होत नाही. तिथल्या रेघा मात्र जागच्या जागी. पट्टी संपते त्या ओळीवर रेघ तुटून बाजूला सरकलेली दिसत होती.

जेलबार असं कधीच करणार नाहीत. ते चित्र तयार झाल्यावर सिग्नलमध्ये मिसळतात, त्यांना स्क्रोल ठाऊक नसतो. चित्राबरोबर सरकणारी रेघ चित्रातच असते, म्हणजे टाइलच्या (आठ बाय आठ पिक्सेलच्या ज्या ठोकळ्यांतून चित्र जुळतं त्यांच्या) डेटात. खात्रीसाठी मारिओला डावीकडे तोंड करायला लावलं. उजवीकडे बघताना रेघ त्याच्या प्रत्येक टाइलच्या डावीकडून पाचव्या रकान्यात होती, डावीकडे वळल्यावर चौथ्यात गेली. स्प्राइट (मारिओसारखं हलतं चित्र) उलटला तशी रेघही उलटली.

इथून पुढे कागद-पेन्सिलचं काम. टाइलच्या एका ओळीचे आठ पिक्सेल म्हणजे दोन बाइट, दोन बिटप्लेनचे (प्रत्येक प्लेन पिक्सेलच्या रंगाच्या नंबरातला एक-एक बिट देतो). डावीकडचा पिक्सेल डी७ या डेटाच्या वायरीवरून येतो, उजवीकडचा डी० वरून. पाचवा रकाना म्हणजे डी३. कॅसेटपासून पीपीयूपर्यंत डी३ ची वायर कुठेतरी तुटली आहे एवढं नक्की. पण मग रेघ सलग, एकाच रंगाची का? कारण त्याच आठ वायरींवरून आधी पत्त्याचा खालचा बाइट जातो (तो ३७३ लॅच धरून ठेवतो) आणि मग डेटा येतो. डेटा आलाच नाही तर वायरवर मघाचा पत्ताच रेंगाळतो. पत्त्याचा बिट ३ सांगतो की प्लेन कोणता: पहिल्याला ०, दुसऱ्याला १. दोन्ही जोडले की पिक्सेलचा रंग कायम २. म्हणूनच रेघेचा रंग आकाशात एक आणि डोंगरावर दुसरा होता, जिथे जी पॅलेट (रंगांचा संच) तिचा दोन नंबर.

हे एकदा कळलं की बाकीच्या सात वायरींचंही निदान पडदा बघून होतं. डी०, डी१, डी२ तुटल्या तर सलग रेघ येत नाही, तुटक येते: डी० ला एकाआड एक ओळ, डी१ ला दोन-दोन, डी२ ला चार-चार, कारण पत्त्याचे ते तीन बिट टाइलमधली ओळ मोजतात. डी४ ते डी७ ला रेघ काही टाइलवर येते, काहींवर नाही, कारण ते बिट टाइलच्या नंबरातून येतात. स्लॉटवर डी० ते डी३ म्हणजे पिन २६ ते २९, आणि डी४ ते डी७ म्हणजे ६० पासून उलट ५७ पर्यंत. गेम चालू होतो, आवाज येतो, पण चित्रं विस्कटलेली, असं असेल तर २ ते १५ आणि ३२ ते ४४ या सीपीयूच्या पिनांवर वेळ घालवू नका.

म्हणजे पिन २९. स्लॉटच्या २९ मध्ये एक प्रोब, पीपीयूच्या ३५ नंबरच्या पायावर दुसरा, आणि मीटर छान वाजला. इथे अर्धा दिवस गेला. प्रोब दाबला की स्लॉटचा पाय खाली सरकतो आणि तडकलेलं सोल्डर तेवढ्यापुरतं टेकतं. कॅसेट लावून, कॅसेटच्या बोर्डावरच्या सोनेरी पट्टीच्या वरच्या टोकाला प्रोब धरला तेव्हा मीटर गप्प. कॅसेट हलकेच डुलवली की वाजायचा, सोडली की गप्प.

बोर्ड उलटा करून भिंगाखाली पाहिल्यावर २९ च्या पायाभोवती केसाएवढी गोल चीर दिसली. ३० लाही तशीच! ३० वर ५ व्होल्ट असतात, पण ३१ वरही तेच आणि कॅसेटमध्ये दोन्ही जोडलेले, म्हणून ३० तुटल्याचा पत्ताच लागला नव्हता. कॅसेट काढताना आपण सगळेच ती डावी-उजवी डुलवून उपटायचो. जोर नेमका टोकाच्या पायांवर येतो. आरएफचा डबा काढताना बोर्ड वाकला आणि उरलेलं टेकणंही सुटलं असावं.

दुरुस्ती दहा मिनिटांची. फ्लक्स, ६३/३७ सोल्डर, २५ वॉटची सोल्ड्रॉन (सोल्डर करायची इस्त्री). जुनं सोल्डर पंपाने ओढून मगच नवं भरलं. चिरेवर नुसती इस्त्री फिरवली तर ती महिन्याभरात परत उघडते. टोकाच्या पाच-पाच पायांना चारही कोपऱ्यांत हेच केलं. रेघ एकही नाही. मेनूतली अक्षरं इतकी धारदार आहेत की ९९९९ मध्ये खरे गेम किती ते आता लपत नाही.

जाता जाता दुसरी गोष्टही सुटली. एका कॅसेटला आवाज नव्हता. सीपीयूचा आवाज ४५ वरून कॅसेटमध्ये जातो आणि ४६ वरून परत येतो. कॅसेटने फक्त ते दोन जोडायचे असतात. त्या दोन पट्ट्या हिरवट पडल्या होत्या, ९९ टक्के आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) आणि कापसाच्या काडीने पुसल्या आणि आवाज आला. स्लॉटखाली ४५-४६ कायमचे जोडणारे बरेच आहेत, पण स्वतःची साउंड चिप असलेल्या जपानी कॅसेटचं मिक्सिंग त्याने बिघडतं. आणि फुंकर मारणं आता पुरे. मुंबईच्या हवेत आधीच काय कमी ओल आहे!

पुढचा बेत पूर्ण स्लॉट बदलायचा होता. तो रद्द. ६० पाय उपसताना पॅड उखडण्याचा धोका फुकट कशाला? त्याऐवजी मेलेल्या कॅसेटचा बोर्ड कापून साठही पट्ट्यांना वायरी लावून ३०-३० पिनांच्या दोन हेडरवर (उभ्या पिनांच्या रांगांवर) काढतो, म्हणजे खऱ्या कॅसेटचा दाब असताना प्रत्येक पाय मोजता येईल. हे लिहितानाच सुचतंय की हेडरच्या बाजूला ३० आणि ३१ वर एक-एक एलईडी, १ किलोओममधून ग्राउंडला, लावला तर वीज दोन्हीकडून येतेय का तेही दिसेल. दोन्ही पट्ट्या एकमेकींपासून तोडाव्या लागतील, तेवढं लक्षात ठेवायचं. चोरबाजारात दोन आवाज-नसलेले डबे बघून ठेवलेत. टेस्टर झाला की आधी त्यांच्यावर लावतो.

डक हंटची बंदूक त्यानंतर. ती एलसीडीवर चालत नाही, तिला १४ इंची जुना टीव्ही लागेल, आणि घरात त्याला जागा करण्याची वाटाघाट अजून सुरू व्हायची आहे.