१:३२ मापाची ओंडके काढणारी वाफेची बोट: चाक, क्रँक आणि हॉग चेन

नदीच्या पात्रात रुतलेले ओंडके उपसणाऱ्या बोटी अमेरिकेत १८२९ पासून चालल्या. हेन्री श्रीव्हच्या ‘हेलिओपोलिस’ या पहिल्या बोटीला दोन सांगाडे (पाण्यावर तरंगणारे बोटीचे मुख्य भाग, हल) होते. ही प्रतिकृती मात्र नंतरच्या, एक सांगाडा आणि मागे एकच चाक असलेल्या घडणीची आहे. अशा चाकाच्या बोटी जतन केल्या गेल्या: अमेरिकेत अ‍ॅनाकोर्टिसला ‘डब्ल्यू. टी. प्रेस्टन’ आणि कॅनडात न्यू वेस्टमिन्स्टरला ‘सॅमसन ५’. पिछाडीची जोडणी समजून घ्यायला त्यांचे फोटो फार उपयोगी पडतात.

तळ पूर्ण झाला. ३ मिमी प्लाय, ९ फ्रेम, बाजूंना १.५ × ६ मिमीच्या पट्ट्या आणि बाहेरून ग्लास क्लॉथ. आतूनही एपॉक्सीचा एक हात हवाच. चाकाचं पाणी डेकवर उडतं आणि सांध्यांतून झिरपतं.

खरी कसोटी वजनाची. मूळ बोट ३० मीटर लांब, ८ मीटर रुंद आणि ९० सेंमी बुडणारी धरली, तर मॉडेल ९३८ × २५० मिमी होतं आणि पाण्यात फक्त २८ मिमी जातं. म्हणजे सगळं मिळून सव्वापाच किलो. त्यावर २०० ग्रॅम वाढले की बोट १ मिमी खाली बसते. म्हणून वरच्या केबिनला १ मिमीपेक्षा जाड प्लाय लावायचा नाही. बॅटरी नाळेकडे (बोटीच्या पुढच्या टोकाकडे), बॉयलरच्या जागी ठेवली. मूळ बोटीतही बॉयलर पुढे असतो तो मागच्या चाकाला तोलायलाच.

चाक १५६ मिमी व्यासाचं. १.५ मिमी बर्च प्लायचे ३६ आरे, १२-१२ चे तीन संच. ३०-३० अंशांच्या खुणा केलेल्या साच्यावर एकेक संच चिकटवून मगच ५ मिमीच्या दांड्यावर ओवायचा. थेट दांड्यावर जुळवत बसलं की तिसऱ्या संचापर्यंत पाणी ढकलणाऱ्या फळ्या तिरक्या जातात. फळ्यांना नुसता सुपरग्लू नको, तो ठिसूळ असतो आणि पाण्याच्या माराने सुटतो. ०.८ मिमीच्या पितळी पिना आणि एपॉक्सी वापरावं. मूळ फळ्या यू-बोल्टने आवळलेल्या असत, मोडली की तेवढीच बदलता यावी म्हणून. खाली आलेल्या फळीची वरची कड पाण्याखाली १-२ मिमीच असावी. चाक जास्त बुडलं तर ते बोट ढकलण्याऐवजी पाणीच उचलत बसतं.

दोन्ही बाजूंचे क्रँक (इंजिनाची पुढे-मागे हालचाल चाकाच्या फिरण्यात बदलणारे हात) एकमेकांशी ९० अंशांत हवेत. एक इंजिन मृतबिंदूवर, म्हणजे क्रँकला वळवता येत नाही अशा टोकाला, असतं तेव्हा दुसरं पूर्ण जोर लावतं. ते १८० अंशांत लावलेलं मॉडेल जाणकाराला लांबूनच खटकतं. क्रँकची त्रिज्या २३.५ मिमी. इंजिन आणि क्रँक जोडणारा कनेक्टिंग रॉड मूळ बोटीत लाकडी असायचा, लोखंडी पट्ट्या मारलेला. तो चकचकीत पितळेचा करू नये. दर फेऱ्याला एकदा चाक अडत असेल तर दोष बहुधा बेअरिंगच्या रेषेत असतो. मागच्या दोन तुळया अर्धा मिमी पिळल्या तरी तसं होतं. चिकटवण्याआधी दोन्ही बेअरिंगमधून एक सरळ सळई आरपार घालून बघावी.

मूळ चाक मिनिटाला १५ ते २० फेरे घेतं असं धरलं. मॉडेल खरं दिसायला फेरे मापाच्या वर्गमुळाने वाढवावे लागतात; ३२ चं वर्गमूळ ५.६६, म्हणून मॉडेलला ८५ ते ११३ फेरे. गिअरची मोटर सांगाड्यात ठेवली आणि चाकापर्यंत दातेरी पट्टा नेला. गोल रबरी पट्टा ओला झाला की घसरतो.

आता हॉग चेन. नावात साखळी असली तरी या लोखंडी सळया असतात. बॉयलर पुढे, इंजिनं आणि चाक मागे, मध्ये पाण्याचा उचल. त्यामुळे उथळ सांगाड्याची टोकं खाली वाकतात. खांबांवरून नेलेल्या सळया ती वर ओढून धरतात. मॉडेलमध्ये १.२ मिमी तार आणि मध्ये टर्नबकल (फिरवून तार आवळायचा स्क्रू). ती टेबलावर आवळू नये, डेकची पाठ उलट्या बाजूला वाकते. बॅटरी आणि चाक बसवून बोट टबात सोडायची, डेकवर टोकापासून टोकापर्यंत दोरा ताणायचा आणि दोरा-डेकमधलं अंतर सगळीकडे सारखं येईपर्यंत पाव-पाव फेरा द्यायचा. दोन्ही बाजूंना आळीपाळीने, नाहीतर सांगाडा पिळतो.

सुकाणू तीन, चाकाच्या पुढे, एकाच आडव्या दांड्याला जोडलेली. उलट चालवताना चाकाचं पाणी थेट त्यांच्यावर येतं, त्यामुळे मागे जातानाही बोट छान वळते. पुढचं काम नाळेवरच्या, ओंडके उचलणाऱ्या ए-फ्रेमचं आणि विंचचं (दोर गुंडाळून ओढणाऱ्या यंत्राचं).