नेरळहून माथेरान, दोन फुटी रुळांवरून

मागच्या खेपेला रविवारी गाडी सुटायच्या दहा मिनिटं आधी नेरळला पोचले होते. तिकिटं केव्हाच संपली होती, माथेरानच्या वेशीवरच्या दस्तुरी नाक्यापर्यंत टॅक्सीच करावी लागली. या नोव्हेंबरात बरोबर नाना होते आणि त्यांना पूर्ण घाट गाडीनेच चढायचा होता. म्हणून मंगळवार धरला आणि दीड तास आधी खिडकीपाशी उभे राहिलो. तिकिटं मिळाली.

नानांचं बालपण कुर्डुवाडीजवळचं. आजीचं बोट धरून ते बार्शी लाईट या अरुंद रुळांवरच्या गाडीने पंढरपूरला जायचे. नेरळला ते आधी रुळांपाशीच गेले. "ही तर आपल्या लाईटपेक्षाही अरुंद," म्हणाले. खरंच आहे. बार्शी लाईट अडीच फुटी होती, ही दोन फुटी. ती लाईन आता ब्रॉडगेज झाली. मूर्तिजापूरची तशीच छोटी गाडी शकुंतला थांबली, पाचोरा-जामनेरही. ही मात्र अजून चढते आहे.

सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशांवर त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी ही लाईन बांधली. १९०४ साली काम सुरू झालं, १९०७ च्या मार्चमध्ये गाडी धावली, खर्च १६ लाख रुपये. सुमारे २० किलोमीटरमध्ये साडेसातशे मीटर चढायचे, तेही इंजिनाचं दातेरी चाक अडकवायच्या मधल्या दातेरी रुळाशिवाय. काही ठिकाणी वीस फूट पुढे गेलं की एक फूट वर, एवढा चढ आहे. डोंगराच्या कडेकडेने इतकी आवळ वळणं अरुंद रुळांवरच घेता येतात. रुंद रूळ टाकायचे तर अर्धा डोंगर फोडावा लागला असता. सुरुवातीची वाफेची इंजिनं जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कॉपेलची. त्यातलं एक आज दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात आहे.

गाडी चालते सावकाश, वर पोचायला अडीच-पावणेतीन तास लागतात. जुम्मापट्टीनंतर झाडी दाट होत जाते, गवत तेव्हा नुकतं पिवळं पडू लागलं होतं. वाटेत एकच बोगदा, 'वन किस टनेल', डोळे अंधाराला सरावेपर्यंत संपतोसुद्धा. वॉटर पाईपला वाफेच्या इंजिनांना पाणी मिळायचं, स्टेशनच्या नावात ते राहून गेलं आहे. कोणत्या बाजूला बसायचं याची काळजी करू नका. गाडी इतकी वळते की दरी आलटून पालटून दोन्हीकडे येते.

ही लाईन सहज टिकलेली नाही. २६ जुलै २००५ च्या पावसाने रूळ वाहून गेले, गाडी २००७ मध्ये परत आली. मे २०१६ मध्ये डबे घसरल्यावर पुन्हा बंद. पूर्वी डब्याडब्यावर माणूस बसून हाताने ब्रेक लावायचा, त्यानंतर एअर ब्रेक आले. २०१९ च्या पावसाने परत घाट तोडला, आणि पूर्ण मार्ग सुरू व्हायला ऑक्टोबर २०२२ उजाडला. या शेवटच्या दोन्ही वेळी दस्तुरीजवळचं अमन लॉज स्टेशन ते माथेरान हा वरचा टप्पा आधी सुरू झाला, कारण दस्तुरीच्या पुढे मोटारी जात नाहीत आणि गावाला या शटलची रोजची गरज आहे. माझ्या मते लाईन वाचली ती या अडीच किलोमीटरमुळे. पण फक्त शटलमध्ये बसून माथेरानची गाडी पाहिली असं म्हणू नका. घाट खाली आहे.

जाणाऱ्यांसाठी थोडं. मुंबईहून कर्जत किंवा खोपोली लोकलने नेरळ. पुण्याहून कर्जतला थांबणारी गाडी घ्या आणि तिथून लोकलने मागे या. नेरळहून वर जाणाऱ्या गाड्या सकाळच्याच, वेळा मात्र निघण्याआधी तपासा. जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत घाटातली गाडी बंद असते, शटल तेवढी चालते. शनिवार-रविवार टाळा. दोन माणसांत एक पिशवी बस, डब्यात पाय ठेवायलाही जागा बेताची. हातात खाऊ उघडा धरू नका, माकडं स्टेशनांवर वाटच बघत असतात. पांढरे बूट घरी ठेवा, लाल माती निघत नाही. गुडघे दुखणारं कोणी बरोबर असेल तर स्टेशनजवळ बाजारातच मुक्काम करा. आणि वर उतरल्याबरोबर परतीची खिडकी कधी उघडते ते विचारा.

आम्ही दुसऱ्या दिवशी गाडीनेच उतरलो. नाना सगळा वेळ जागे होते. नेरळला उतरल्यावर त्यांनी इंजिनापर्यंत चालत जाऊन चालकाला हात जोडले.