बीचर्स ब्रुकची उतरती बाजू: ग्रँड नॅशनलच्या आधी एनट्रीच्या मैदानावर

बीचर्स ब्रुक हा ग्रँड नॅशनल या घोड्यांच्या अडथळ्यांच्या शर्यतीतला सहावा अडथळा. टीव्हीवर तो सपाट दिसतो. कॅमेरा उंचावर असतो, घोडे एका रांगेत झेपावतात, चार-दोन लडखडतात आणि निवेदक पुढच्या अडथळ्याकडे वळतो. मैदानात झेप घेण्याच्या बाजूला उभं राहिलं की वेगळंच दिसतं. समोर 4 फूट 10 इंचांची हिरवी भिंत असते आणि तिच्या पलीकडे जमीन आहे की नाही, हेच कळत नाही. घोड्यालाही कळत नाही. भिंतीला वळसा घालून पलीकडे गेलं की उलगडा होतो. तिकडची जमीन अलीकडच्यापेक्षा खाली आहे, आणि आतल्या कुंपणाकडे ती जास्त खाली आहे.

या फरकासाठी लिव्हरपूलला जावं. बाकी शहर दोन दिवसांत पाहून झालं: गोदी, नदी, एक उत्तम संग्रहालय आणि सतत तोंडावर येणारा वारा. मर्सीरेलच्या लिव्हरपूल सेंट्रल स्टेशनवरून ऑर्म्सकर्कची गाडी पकडली की पाव तासात एनट्री येतं आणि रेसकोर्सचं फाटक स्टेशनच्या समोरच आहे. शर्यत एप्रिलमधल्या शनिवारी असते. एप्रिल ऐकून आपल्या डोळ्यांसमोर रणरणतं ऊन येतं. इथे कानटोपी लागते.

आम्ही गेलो तेव्हा शर्यतीला अजून अवकाश होता आणि अडथळ्यांना पाला बांधायचं काम सुरू होतं. हे काम पाहायला मिळालं याचा मला फार आनंद आहे, कारण अडथळा आतून कसा असतो ते त्याशिवाय समजत नाही. पूर्वी आत लाकडी खुंट रोवलेले असत. 2013 पासून तिथे वाकणाऱ्या प्लास्टिकच्या काड्यांचा गाभा आहे. त्यावर लेक डिस्ट्रिक्टमधून आणलेल्या स्प्रूसच्या फांद्या दाटीने बांधतात. वरचा भाग मुद्दाम सैल ठेवतात. घोड्याचे पाय त्यात अडकले तर पाला उडतो, घोडा सहसा उलटत नाही. पहिल्या फेरीत इतके घोडे जातात की ठिकठिकाणी वरचा पाला झडून फटी पडतात, आणि दुसऱ्या फेरीत कसलेले जॉकी नेमकी ती फट हेरून घोडा तिकडे नेतात. यंदा शर्यत पाहताना बाविसाव्या उडीच्या वेळी, म्हणजे बीचर्स दुसऱ्यांदा येतो तेव्हा, हे जरूर बघा.

ब्रुक म्हणजे ओढा. 1839 साली, अधिकृत मानल्या जाणाऱ्या पहिल्या ग्रँड नॅशनलमध्ये, कॅप्टन मार्टिन बीचर इथे घोड्यावरून फेकला गेला आणि बाकीचे घोडे डोक्यावरून जाईपर्यंत ओढ्यात दबून बसला. नाव तेव्हापासूनचं. ओढा मात्र आता नावापुरताच उरला आहे. 1989 मध्ये सीअँडेम आणि ब्राउन ट्रिक्स हे दोन घोडे इथे मेले, त्यानंतर तो बुजवून उतार सौम्य केला. 2011 च्या शर्यतीनंतर उतरण्याची बाजू पुन्हा भरून आणखी उचलली.

तरी अडचण उरतेच, आणि ती उंचीची नाही. घोडा उडी मारतो तेव्हा जमीन कुठे येईल याचा त्याचा एक अंदाज असतो. आधीच्या पाच अडथळ्यांवर तो अंदाज पक्का होत जातो. सहाव्याला पाय टेकायला हवेत तिथे जमीन नसते. क्षणभर उशिरा पुढचा एक पाय टेकतो, सगळा भार त्याच्यावर येतो, मान खाली जाते आणि नाक गवताला लागेल इतका घोडा वाकतो. अशा वेळी जॉकीने लगाम आवळून धरला तर घोड्याला मान लांब करून तोल सावरता येत नाही. म्हणून जाणता जॉकी मागे रेलतो, रिकिबीतले पाय पुढे ठेवतो आणि लगाम बोटांतून सरकू देतो. दोन ढांगांत घोडा सावरला की लगाम पुन्हा गोळा करून घेतो. ज्याला लगाम सोडता येत नाही, तो घोड्याला स्वतःसकट खाली ओढतो.

आतल्या बाजूने गेलं तर अंतर वाचतं, पण उतरण खोल. बाहेरून गेलं तर उतरण सोपी, पण लांबचा वळसा. अडथळा डावीकडे झुकलेल्या वाटेवर असल्यामुळे उतरता उतरताच वळायलाही लागतं. कोणता जॉकी कुठून जातो यावर त्याचा आपल्या घोड्यावर किती भरवसा आहे ते कळतं. मला विचाराल तर जिंकणाऱ्याचा अंदाज बांधायला पैजेचे भाव लिहिलेल्या पाटीपेक्षा ही जागा जास्त उपयोगी आहे.

पुढचे तीन अडथळे पाठोपाठ येतात. सातवा सर्वांत लहानांपैकी, 4 फूट 6 इंच. 1967 मध्ये दुसऱ्या फेरीत जॉकी पडल्यामुळे मोकळा धावणारा एक घोडा इथे आडवा आला आणि जवळजवळ सगळी शर्यत एकमेकांवर आदळून थांबली. मागून येणारा फॉइनाव्हन तेवढा वाट काढून निघाला आणि 100 ला 1 भावाने, म्हणजे एका पौंडावर शंभर मिळतील अशा पैजेने, जिंकला. अडथळ्याला आता त्याचंच नाव आहे. आठवा कॅनॉल टर्न, 5 फूट, आणि पाय टेकताच डावीकडे काटकोनात वळण. कालवा बाजूलाच दिसतो. इथे सरळ उडी मारणारा दूर फेकला जातो. हुशार जॉकी बाहेरून तिरका येतो आणि हवेत असतानाच वळतो. एका उडीत तो कित्येक घोडे मागे टाकू शकतो. नववा व्हॅलेंटाइन्स, तोही 5 फुटांचा.

ही सगळी मजा स्टँडपासून लांब आहे. मेलिंग रोड ओलांडून घोडे पलीकडे गेले की स्टँडमधले लोक मोठ्या पडद्यावरच शर्यत पाहतात. डोळ्यांसमोर उरतात ते मुख्यतः चेअर नावाचा अडथळा आणि पाण्याची उडी. चेअर 5 फूट 2 इंच, सगळ्यांत उंच, सगळ्यांत अरुंद, आणि अलीकडे खंदक. बीचर्सच्या नेमकं उलट, इथे उतरण्याची जमीन वर आहे, त्यामुळे पाय अपेक्षेच्या आधी टेकतात आणि धक्का बसतो. पाण्याची उडी जेमतेम अडीच फूट उंचीची. या दोन्ही फक्त पहिल्या फेरीत. उरलेले 14 अडथळे दोनदा, म्हणजे एकूण 30 उड्या आणि सुमारे 6.9 किलोमीटर. महालक्ष्मीवर इंडियन डर्बी 2400 मीटरची, सपाट, आणि अडीच मिनिटांच्या आसपास संपते. इथे नऊ ते दहा मिनिटं लागतात, आणि घोडे डावीकडे वळत धावतात, महालक्ष्मीवर उजवीकडे.

आता येत्या शर्यतीबद्दल. 2024 पासून नियम बदलले आहेत आणि जुने ठोकताळे त्यामुळे बरेच निकामी झाले. घोड्यांची कमाल संख्या 40 वरून 34 झाली. पहिला अडथळा सुरुवातीच्या रेषेकडे आधीपेक्षा 60 यार्ड सरकवला, कारण लांब सपाटीवर घोडे सुसाट सुटत आणि पहिल्याच उडीला वेग आवरत नसे. सुरुवात आता उभ्याने होते. पळत पळत फितीकडे यायचं नाही. किमान रेटिंग, म्हणजे घोड्याच्या ताकदीचा अधिकृत आकडा, 125 वरून 130 केलं. अकराव्या अडथळ्याची उंची दोन इंचांनी कमी केली. 2024 मध्ये 32 घोडे धावले, 21 पोहोचले आणि एकही घोडा पडला नाही. काही जॉकी मात्र फेकले गेले, काहींनी घोडे थांबवले.

याचा अर्थ असा की आता निव्वळ नशिबाने वाचलेला घोडा जिंकण्याची शक्यता कमी, आणि दर्जेदार घोडा जड वजन घेऊनही पुढे राहण्याची शक्यता जास्त. इथे घोडा जितका चांगला, तितकं जास्त वजन त्याला वाहावं लागतं. सगळ्यांत वरचं वजन 11 स्टोन 12 पौंड, म्हणजे साधारण 75 किलो, त्यात जॉकी आणि खोगीर दोन्ही आले. 2025 मध्ये आय ॲम मॅक्सिमस या घोड्याने हे वजन घेऊन दुसरा नंबर काढला. त्याच्या पुढे निक रॉकेट होता, 33 ला 1 भावाचा, वर हौशी जॉकी पॅट्रिक मुलिन्स. पहिले तिन्ही घोडे एकाच तबेल्यातले, आयर्लंडच्या विली मुलिन्स यांचे. खूप वर्षं लोक वरचे घोडे वजनाला घाबरून सोडून देत. तसं करू नका.

वजनं फेब्रुवारीत ठरतात आणि शर्यत एप्रिलमध्ये होते, हा या शर्यतीचा अंदाज बांधायचा सर्वांत मोठा धागा आहे. मधल्या काळात, विशेषतः मार्चमध्ये चेल्टनहॅमच्या शर्यतींत, एखादा घोडा चमकला तरी त्याचं वजन वाढत नाही. त्याच्या आजच्या ताकदीला ते हलकं पडतं. यादी हातात आली की आधी हे शोधावं. मग आयर्लंडच्या फेअरीहाउसला फेब्रुवारीत होणारी बॉबीजो चेस ही शर्यत बघावी: 2024 मध्ये आय ॲम मॅक्सिमस आणि 2025 मध्ये निक रॉकेट ती जिंकूनच इथे आले. दोघेही आठ वर्षांचे होते. 2022 चा नोबल येट्स तर सात वर्षांचा. दहा-अकरा वर्षांचा अनुभवी घोडाच हवा, हा समज आता सोडून द्यायला हरकत नाही. त्याआधी डिसेंबरची बीचर चेस याच अडथळ्यांवर होते. तिथे कोण पडलं यापेक्षा कोण उतरताना चुकलं ते पाहावं.

तिसरी गोष्ट जमीन. कोरडं पडलं तर इथे पाणी मारतात, जमीन टणक होऊ देत नाहीत. पण दोन दिवस जोराचा पाऊस झाला तर चित्र पालटतं. ओल्या मातीत पाय रुततो, प्रत्येक उडीला जोर जास्त लागतो आणि शेवटच्या मैलात हलक्या वजनाच्या, चिवट घोड्यांचं फावतं. अंतिम यादी गुरुवारी कळते. पैसे लावायचेच असतील तर तोपर्यंत थांबा. आणि ‘ईच वे’ लावा, म्हणजे अर्धे जिंकण्यावर, अर्धे नंबरात येण्यावर. 20 ला 1 भावाच्या घोड्यावर पाच-पाच पौंड लावले आणि तो जिंकला नाही, पण नंबरात आला, तर पाचव्या हिश्शाच्या, म्हणजे 4 ला 1 भावाने, लावलेले पाच धरून 25 पौंड परत येतात. किती नंबर धरणार हे बुकीगणिक बदलतं, चार, पाच, कधी सहा. आधी विचारून घ्यावं.

उत्सव तीन दिवसांचा आहे, गुरुवार ते शनिवार. शुक्रवारच्या लेडीज डेबद्दल सगळीकडे टोप्यांचेच फोटो दिसतात, आणि याचा मला खरोखर राग येतो. त्याच दुपारी टॉपम चेस याच अडथळ्यांवर होते, 18 उड्यांची. बीचर्सची आतली बाजू त्या दिवशी कशी आहे, कॅनॉल टर्नला माती किती सरकते आहे, हे शनिवारच्या आदल्या दिवशी फुकट शिकायला मिळतं. शर्यतीआधी घोडे फिरवतात त्या पॅडॉकच्या कठड्याशीही निवांत उभं राहता येतं, कारण गर्दी दारूच्या रांगेत असते. शनिवारी पॅडॉकपर्यंत पोहोचायला मुख्य शर्यतीच्या आधीची एक शर्यत सोडावी लागते. सोडा. घोडा घामाने पांढरा झालाय का, सारखी मान झटकतोय का, हे जवळूनच दिसतं. सुरुवातीलाच दमलेला घोडा सात किलोमीटर जाणार नाही.

या शर्यतीत घोडे मरतात, हे लपवून तिच्याबद्दल लिहू नये. 2025 मध्ये तेरा वर्षांचा सेलेब्र दालाँ शर्यतीत दमून कोसळला आणि मंगळवारी गेला. नियमांतले बदल अशा घटनांमुळेच होतात आणि ते आणखी व्हायला हवेत, असं माझं मत आहे. थकलेल्या घोड्याला थांबवणाऱ्या जॉकीला टाळ्या मिळायला हव्यात.

शेवटचा अडथळा ओलांडल्यावर अंतिम रेषेपर्यंत 494 यार्ड उरतात. चालत गेलो तेव्हा ते अंतर न संपणारं वाटलं. अर्ध्यावर एल्बो नावाचं वळण आहे, चेअर आणि पाण्याची उडी चुकवण्यासाठी. 1973 मध्ये क्रिस्प हा घोडा 12 स्टोन वजन घेऊन इथे खूप पुढे होता. पाय अडखळू लागले आणि रेड रमने त्याला अगदी शेवटच्या ढांगांत गाठलं. रेड रम तीनदा जिंकला, 1973, 1974 आणि 1977, आणि मधली दोन वर्षं दुसरा आला. त्याला अंतिम रेषेजवळच पुरलं आहे. म्हणून शेवटची उडी पहिल्यांदा कोण ओलांडतो यावर ओरडू नका. एल्बोला कोणाची ढांग अजून लांब आहे ते पाहा. शर्यत दुपारी चारला सुटते. परतीच्या गाड्यांना साडेपाचनंतर फाटकाबाहेर लांबच लांब रांग लागते, म्हणून एक तर बक्षीस समारंभ पूर्ण पाहा नाही तर घोडे आत येताच निघा. मधल्या वेळेत निघणारे सगळ्यांत जास्त ताटकळतात.